कोरड्या महिन्यांचा हिशेब

सीता अशोक रानात बघायचा असेल तर पन्हाळ्यावर येऊ नये. गड समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरहून उंच आहे आणि हे झाड आपणहून साधारण साडेसातशे मीटरच्या वर चढत नाही. बागेत कुणी लावलं, पाणी घातलं, तर ते कुठेही जगतं; पुण्या-मुंबईच्या उद्यानांत जगलेलंच आहे. पण रानचा अशोक आणि पन्हाळ्याचा कडा यांची गाठ पडत नाही. तरीही या झाडाची गोष्ट इथूनच सांगायला हवी, कारण सह्याद्रीतलं वर्षावन कुठे आणि का संपतं हे या तटावरून स्वच्छ दिसतं.

पूर्वेकडच्या सज्जा कोठीतून बघितलं की खाली ऊस, पलीकडे जोतिबाचा डोंगर आणि त्यापलीकडे कोल्हापूर. तिथे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो. पश्चिमेच्या पुसाटी बुरुजावर जाऊन उभं राहिलं की डोंगरांच्या एकामागे एक रांगा लागतात आणि प्रत्येक रांगेगणिक हिरवा रंग गडद होत जातो. त्याच बाजूला, कोल्हापूरपासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा. तिथे हाच पाऊस पाच हजारांच्या पुढे जातो. एवढ्याशा अंतरात पाचपट फरक. पन्हाळा या दोहोंच्या मध्ये, उंबरठ्यावर. शाहू महाराजांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग या भागात करून बघितले ते उगाच नव्हे. इथली हवा आशा लावते. चहाने मात्र इथे आसाम किंवा निलगिरीसारखा संसार थाटला नाही. त्याचं कारण आणि अशोक ओढा सोडून का येत नाही याचं कारण एकाच ठिकाणी सापडतं.

आपण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो. झाडं तो महिन्यांमध्ये मोजतात, आणि तेही पडणाऱ्या नव्हे, न पडणाऱ्या महिन्यांमध्ये. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीनच असतात. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत सगळं उरकून घेतो आणि पुढे सात-आठ महिने आभाळ कोरडं. ज्यां-पिएर पास्काल या पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या अभ्यासकाने १९८८ साली पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलांवर मोठा ग्रंथ काढला. त्यातलं मुख्य सूत्र असं: घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पाऊस कमी होतो असं नाही, कोरडा काळ लांबत जातो. म्हणून दक्षिणेकडच्या अगुंब्यासारख्या ठिकाणी आभाळाला टेकलेली झाडी दिसते, तर आंबोली, दाजीपूर, महाबळेश्वर इथे अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचं बुटकं, दाट, वाऱ्याने वाकलेलं रान. पाऊस इथेही भरपूरच. फक्त त्याच्या पुढचा उन्हाळा लांब.

मग एप्रिलमध्ये हिरवं राहायचं कसं? एक उपाय म्हणजे ओढ्याच्या कडेला उभं राहायचं. सीता अशोकाने तो केला.

इथल्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याचं टोपण आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून मुरत खाली जातं, खालच्या घट्ट, मातकट थरावर अडतं आणि मग कडेकडेने बाहेर पडतं. गडावर नागझरीला बारमाही पाणी आहे ते यामुळे, आणि डोंगराच्या कुशीत जिथे जांभा संपून काळा दगड लागतो तिथे झरे फुटतात तेही यामुळेच. हेच पाणी कधी उलटतंही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चार दरवाजाजवळचा पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचून गडाची वाट बंद झाली होती. डोंगर पाणी पितो, धरतो आणि हळूहळू सोडतो, आणि त्या सोडण्यावर खालच्या ओढ्याचा एप्रिल अवलंबून असतो. घाटमाथ्यावरून उतरणारे असे ओढे, खालचं तळकोकण, गोवा, पुढे कारवार-अंकोल्याची रानं आणि केरळ हा सीता अशोकाचा मुलूख. मोठ्या झाडांच्या सावलीखाली, पाण्याला धरून, सहा ते नऊ मीटरच्या उंचीवर तो राहतो. वरच्या उन्हात जायची त्याला हौस नाही.

शेंगांचं कुळ म्हटलं की आपल्याला तूर, हरभरा आणि घेवडा आठवतो. फार तर बाभूळ. ज्ञात अशा साडेएकोणीस हजारांच्या आसपास जातींचं हे कुळ फुलझाडांत तिसऱ्या क्रमांकाचं मोठं आहे आणि त्याचा खरा थाट वर्षावनात दिसतो. ॲमेझॉनमध्ये झाडांच्या जातींत या कुळाचा भरणा सगळ्यांत जास्त. तिथलं मोजलेलं सर्वांत उंच झाड, २०१९ साली उजेडात आलेलं साडेअठ्ठ्याऐंशी मीटरचं दिनिझिया, याच कुळातलं. बोर्निओ-मलायातला तुआलांग ऐंशी मीटरच्या पुढे जातो आणि त्याच्या आडव्या फांद्यांवर आग्या मोहोळं डझनांनी लटकतात. तिथली माणसं रात्री चढून मध काढतात. काँगोच्या खोऱ्यात तर कित्येक कोस एकाच जातीच्या शेंगाझाडाचं रान लागतं, आणि ते झाड अशोकाच्या उपकुळातलं आहे. डेटारिओइडी हे त्या उपकुळाचं नाव. त्याच्या साडेसातशेच्या आसपास जातींपैकी निम्म्याहून जास्त आफ्रिकेत आहेत. आपल्या दारातला त्यातला सगळ्यांत ओळखीचा गडी म्हणजे चिंच! आफ्रिकेतून कधीकाळी आलेली, माळावर, मसणवटीत, रस्त्याच्या कडेला, कुठेही खुशाल उभी राहणारी चिंच आणि ओढा सोडायला तयार नसलेला अशोक हे एकाच घरातले. भाऊ-भाऊ, पण स्वभाव असे. मुंबईच्या राणीच्या बागेतली उर्वशी, ब्रह्मदेशातून आलेली, हीसुद्धा त्यांच्या नात्यातली.

या घराण्याची एक खोड शेतकऱ्याला चमत्कारिक वाटेल. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीला देतात, म्हणून उसाआधी किंवा मधल्या काळात कडधान्य घ्या असं कृषी सहायक सांगतो. अशोकाच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. शेंगेचं कुळ, पण नत्राची कमाई नाही. पानगळीचा जाड थर असलेल्या ओढ्याकाठच्या मातीत त्याचं भागतं. उघड्या मुरमाड माळावर त्याला कुणी आणून लावलं तर मग त्याचे हाल का होतात, याचा निम्मा खुलासा यात आहे.

झाड बघायचं ते फाल्गुन-चैत्रात. खोडावर, जुन्या जाड फांद्यांवर, जिथे फूल यावं असं आपल्याला वाटत नाही तिथे, फुलांचे गच्च घोस फुटतात. कळी हिरवट-पिवळी, उमलली की केशरी, आणि जुनी होत गेली की लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. त्या फुलाला पाकळ्या नाहीत. आपल्याला ज्या चार केशरी पाकळ्या वाटतात ते निदलाचे तुकडे आहेत, आणि त्यातून सात-आठ लांब पुंकेसर बाहेर येतात. वास रात्री जास्त. कोवळी पालवीही तशीच ऐटबाज: तांबूस-जांभळी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत असतात, त्यांच्यात हिरवा रंग आणि ताठपणा नंतर येतो. वर्षावनातल्या पुष्कळ झाडांचा हा डाव आहे. कोवळं पान किड्यांना सगळ्यात आवडतं. तेव्हा पान पूर्ण वाढेपर्यंत त्यात भांडवल घालायचंच नाही, म्हणजे खाल्लं गेलं तरी तोटा थोडा. मग चपटी, चामड्यासारखी, जांभळट लाल शेंग. दिवाळीच्या सुमाराला यातलं काहीच नसतं. नुसती गर्द हिरवी पानं.

नर्सरीत जाऊन ‘अशोक द्या’ म्हटलं की हातात उंच, सरळ, लांबट लहरी पानांचं झाड पडतं. ते रामफळ-सीताफळाच्या कुळातलं, अशोकाशी त्याचं काही नातं नाही. कलेक्टर कचेरीपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडे ओळीने उभं असतं ते हेच. वनस्पतिशास्त्रज्ञांचाही गोंधळ होताच. अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम रॉक्सबर्ग यांनी या झाडाला एशियाटिक सोसायटीच्या सर विल्यम जोन्स यांच्या नावाने ‘जोनेशिया’ म्हटलं. पुढे बराच काळ लिनियसने जावाच्या झाडाला दिलेलं नाव आपल्या झाडाला लावलं जात होतं. ती दोन झाडं वेगळी आहेत हे १९६० च्या दशकात द विल्ड या डच अभ्यासकाने नीट सोडवलं. अजूनही कित्येक औषधांच्या बाटल्यांवर जुनंच नाव असतं.

संस्कृत कवींनी या झाडाचं जे कौतुक केलं ते सांगत बसलो तर हा लेख संपायचा नाही, पण एक गोष्ट आपल्या घरची म्हणून सांगतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तली मालविका ही विदर्भाची राजकन्या. विदिशेच्या राजाच्या बागेतला अशोक फुलत नाही. सुंदर स्त्रीने पाय मारला की तो फुलतो अशी समजूत. राणी धारिणी झोपाळ्यावरून पडून पायाने अधू झालेली, म्हणून हे काम मालविकेकडे येतं. पाच रात्रींत फुललं तर मागशील ते देईन, असं राणीचं वचन. झाड फुलतं. नाटक वसंतातलं आहे, तेव्हा झाड तसंही फुलणारच होतं, असा बेरसिक विचार माझ्या मनात दर वेळी येतो. लाथ मारून फुलवायची ती गोष्ट आज साल काढून मारायची झाली आहे, आणि इथे मात्र वचन देणारं कुणी नाही.

अशोकाची साल ही आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवरची मुख्य वस्तू. ‘भैषज्यरत्नावली’तलं अशोकारिष्ट आज जवळजवळ प्रत्येक औषध-कंपनी बनवते. त्याचा पाठ मोठा मजेशीर आहे. साल एक तुळा, म्हणजे शंभर पल. गूळ दोन तुळा. धायटीची फुलं सोळा पल. बाकी सुंठ, नागरमोथा, त्रिफळा, जिरं, अडुळसा, चंदन ही किरकोळ मंडळी. आजच्या प्रमाणित मापात साल ४.८ किलो आणि गूळ ९.६ किलो. सालीच्या दुप्पट गूळ! तो गूळ, धायटीच्या फुलांतल्या किण्वांमुळे, महिनाभर आंबतो आणि मग अरिष्ट तयार होतं. कोल्हापूरकराला यातला गूळ लगेच कळतो. साल कुठून येते, हे मात्र तो विचारत नाही.

विचारायला हवं, कारण हिशेब बसत नाही. देशात अशोकसालीची वार्षिक मागणी दोन हजार टनांहून जास्त धरली जाते. रानात इतकी झाडंच राहिलेली नाहीत; १९९८ पासून हे झाड जागतिक संकटग्रस्त यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेलं आहे. लागवड केलेलं झाड साल देण्याजोगं व्हायला वीसेक वर्षं लागतात, त्यामुळे शेतात लावून कुणाला उद्याचा धंदा करता येत नाही. मग बाजारातली साल कशाची? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या बाजारांतून घेतलेले नमुने डीएनए तपासून बघितले, तेव्हा त्यांतले पाचापैकी चारांहून जास्त दुसऱ्याच झाडांचे निघाले. नर्सरीतल्या त्या खोट्या अशोकाची सालही यात खपते. औषध म्हणून ही फसवणूक आहे यात शंका नाही, बाईच्या पोटात जाणारी वस्तू आहे ती. पण वाकडा विचार करायचा तर भेसळवाल्यांनीच रानातल्या शेवटच्या झाडांचा जीव काही काळ वाचवला असं म्हणावं लागेल. सगळ्या कंपन्यांनी एका सकाळी सचोटीने खरीच साल घ्यायची ठरवली असती तर वर्षभरात विषय संपला असता.

साल काढण्याची पद्धत ठरवते झाड जगणार की मरणार. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. उभा पट्टा काढला, बाकीची साल ठेवली, तर झाड ती जखम भरून काढतं. खोडाभोवती गोल साल सोलली की मूळ उपाशी मरतं, आणि मग झाड. पण उभा पट्टा काढायला वेळ लागतो आणि दोन वर्षांनी परत यावं लागतं. परत येण्याची खात्री ज्याला नाही तो गोलच सोलणार. रान ज्याचं नाही, झाड ज्याचं नाही, आणि किलोमागे त्याला मिळणारा पैसा बाटलीच्या किमतीच्या तुलनेत नगण्य, त्याच्याकडून सबुरीची अपेक्षा कुणी करावी? कोल्हापूर जिल्ह्याने हे नरक्याच्या बाबतीत पाहिलेलं आहे. कर्करोगावरच्या औषधाला लागणारा हा साधा दिसणारा सदाहरित वृक्ष चंदगडपासून आंब्यापर्यंतच्या रानांतून तोडून, वाळवून, पोत्यांत भरून गेला. पकडली जातात ती पोती, आणि पोती वाहणारा गरीब गडी. घेणारा फार क्वचित.

पन्हाळ्यावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं त्यांचं ‘आज्ञापत्र’ राज्यकारभाराचा ग्रंथ असलं तरी त्यातला झाडांबद्दलचा भाग वृक्षारोपणाच्या प्रत्येक भाषणात येतो. आरमारासाठी सागासारखं लाकूड तोडायचं ते परवानगीने. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावायचा नाही, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी पोटच्या पोरांसारखी ती वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, त्याची किंमत देऊन मगच तोडायचं. भाषणात यातली कळकळ येते, कायद्याची बाजू सुटते. अमात्य झाडाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा विचार करत होते. ज्याच्या मागे माणूस नाही अशा रानातल्या, दुय्यम उंचीच्या, मऊ लाकडाच्या झाडाबद्दल त्यात काही नाही, आणि असायचं कारणही नव्हतं. अशोकाचं लाकूड हलकं; त्याच्यापासून ना जहाज, ना वासा. आरमाराच्या कुऱ्हाडीतून तो सुटला तो निरुपयोगी म्हणून. बाटलीने त्याला उपयोगी केलं.

आणि त्याच्या मागे माणूस नव्हताच असं तरी कसं म्हणावं? देवराई होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यानंतर कोकणातल्या आणि घाटातल्या कितीतरी देवरायांच्या याद्या झाल्या आणि त्यांत सीता अशोक पुन्हा पुन्हा येतो. देवरायांच्या जागा बघितल्या तर त्या बहुतेकदा झऱ्याच्या तोंडाशी किंवा ओढ्याच्या कडेला असतात. गावाने राखलं ते पाणी. झाडं त्या पाण्याबरोबर राखली गेली. देवाच्या रानातली काडीही उचलायची नाही हा नियम अशोकाच्या नावाने कुणी केला नव्हता, पण अशोकाला त्याच्याहून बरा कायदा आजवर मिळालेला नाही.

१६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती वाट पन्हाळ्यावरून पश्चिमेला जाते. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, आणि पुढे साठेक किलोमीटरवर विशाळगड. दर वर्षी आषाढात हजारो तरुण ही वाट चालतात. इतिहासासाठी चालतात, आणि ते योग्यच आहे. पण ही वाट जंगलाचा छेदही दाखवते हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. मसाईचा उघडा सडा, पावसाळ्यात बोटभर उंचीच्या फुलांनी भरणारा. मग शेतं, करवंद-तोरणांची झुडपं. मग हळूहळू अंजनी, हिरडा, जांभूळ. शेवटी पावनखिंडीजवळ ओलसर, अंधारी झाडी. पावनखिंडीच्या परिसरातच कासारीचा उगम आहे. पंचगंगेच्या पाच नद्यांपैकी ही एक; पुढे ती पन्हाळ्याच्या दक्षिणेने वाहत प्रयाग चिखलीला जाते. म्हणजे वाट पश्चिमेला चढते आणि नदी पूर्वेला उतरते. आषाढात चालणाऱ्याला प्रत्येक ओढा दुथडी भरलेला दिसतो. खरी परीक्षा बघायची तर हीच वाट एप्रिलमध्ये चालावी. कुठल्या ओढ्यात अजून पाणी हलतंय आणि कुठला नुसता गोट्यांचा रस्ता झालाय, यावरून वर्षावनाचं काय होणार ते कळतं.

गोट्यांचा रस्ता होण्याची कारणं गूढ नाहीत. दरीतला ऊस वर चढत गेला आणि त्याच्यामागे ओढ्यात मोटारी आल्या. जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटसाठी जांभ्याचं टोपण उकरलं गेलं. पाणी धरणारा थरच गेल्यावर खालचा झरा कशाच्या जिवावर वाहणार? या परिसराला संरक्षण नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २०१२ साली राधानगरी अभयारण्य जागतिक वारशात गेलं. २०२१ मध्ये पन्हाळगड आणि विशाळगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं झाली. पन्हाळगडचं क्षेत्र सुमारे त्र्याहत्तर चौरस किलोमीटर. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळाही युनेस्कोच्या यादीत आला. नकाशावर रंग पुष्कळ भरले आहेत. ओढ्यातल्या एप्रिलच्या पाण्यावर हक्क कुणाचा, हे यातल्या एकाही फलकावर लिहिलेलं नाही.

वृक्षारोपणाच्या याद्यांत हल्ली सीता अशोक आवर्जून असतो आणि त्याबद्दल मला कुरकुर करायची नाही; शाळेच्या आवारात खोट्याऐवजी खरा अशोक लागला तर चांगलंच. पण रानातलं झाड त्याने वाढत नाही. अशोकाचं बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही. शेंग पावसाच्या तोंडावर पिकते, बी ओलं असतानाच जमिनीत जावं लागतं, थोडे दिवस वाळलं की त्याची उगवण संपते. रानात ते पडलं तर उंदीर-वानरांतून वाचून, सावलीत, ओल्या पाचोळ्यात रुजतं, आणि पहिल्याच उन्हाळ्याला त्याला मुळाखाली ओल लागते. एक वर्ष ओढा फेब्रुवारीतच आटला की त्या सालची सगळी पिढी गेली. मोठी झाडं तशीच उभी राहतात, फुलतात, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. खाली रोपं आहेत का, हे वाकून बघावं लागतं.

२०२३ साली जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली. आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना बऱ्याच अटींतून सूट मिळाली. लागवडीच्या औषधी वनस्पतींना, त्या लागवडीच्याच आहेत असं प्रमाणपत्र असेल तर, वेगळा मार्ग मिळाला. त्या प्रमाणपत्रासाठी नोंद ठेवायची ती गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने. पश्चिमेकडच्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींमध्ये लोकजैवविविधता नोंदवह्या तयार आहेत, बहुतेक ठिकाणी कपाटात. ती वही काढून एक रकाना वाढवायला पैसे लागत नाहीत: गावच्या प्रत्येक ओढ्याचं नाव, आणि त्यात शेवटचं वाहतं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत दिसलं. साल विकत घेणाऱ्या कंपनीने कागद मागितला तर त्याच्या शेजारी हाही रकाना दाखवता येईल.